खेळ चालू ठेवण्याची किल्ली कोणाकडे?

फायटिंग गेमच्या, म्हणजे दोन पात्रांनी पडद्यावर समोरासमोर लढायच्या व्हिडिओ गेमच्या जगात दर दोन-तीन वर्षांनी एक वाद ठरल्यासारखा पेटतो. नवा 'स्ट्रीट फायटर' किंवा नवा 'टेकन' येतो, स्टीम या ऑनलाइन दुकानातून एका वेळी किती जण खेळतायत याचे आलेख फिरायला लागतात आणि कुणीतरी जाहीर करून टाकतं की जुने खेळ आता संपले, तिथे उरलेत ते आठवणींना कवटाळून बसलेले मूठभर म्हातारे. दुसरीकडून लगेच उत्तर येतं की नव्या खेळांत दम नाही, सगळं सोपं करून ठेवलंय, नव्याचे नऊ दिवस, पाच वर्षांनी तुमचा खेळ कुणाला आठवणारही नाही. एकाच्या हातात आलेख, दुसऱ्याच्या तोंडात 'जुनं ते सोनं'. दोघंही हिरिरीने भांडतात, पण ज्यावर भांडायला हवं ते बाजूलाच राहतं.

माझं म्हणणं असं आहे. एखाद्या फायटिंग गेमभोवतीचा गोतावळा वीस-तीस वर्षं टिकेल की नाही, हे तो खेळ चालू ठेवण्याची किल्ली कोणाकडे आहे यावर ठरतं. मालकाला न विचारता तो खेळता येतो का? आज ज्या आवृत्तीवर हात बसलाय, त्याच आवृत्तीवर दहा वर्षांनी पुन्हा बसता येईल का? आणि त्यात काही बिघडलं, तर खेळणारे आपसांत नियम करून किंवा स्वतः कोड लिहून ते सावरू शकतात का? या प्रश्नांना 'हो' असं उत्तर असलेला खेळ चाळीस माणसांवरही जगतो. 'नाही' असेल तर लाखाची गर्दीसुद्धा भाड्याची, कंपनीने करार संपवला की रिकामी होणारी. खेळाचं जन्मवर्ष या हिशेबात फार खाली येतं.

आधी आकड्यांबद्दल, कारण आलेखवाल्यांचा मुद्दा मोडीत काढण्यासारखा नाही. एव्हो या सर्वांत मोठ्या स्पर्धेत २०२३ साली 'स्ट्रीट फायटर ६'साठी ७,००० हून अधिक खेळाडूंनी नावं दिली. नवशिक्याला आपल्याच पातळीचा प्रतिस्पर्धी हवा असतो आणि तो गर्दीतच मिळतो. जुन्या खेळात पहिल्याच दिवशी समोर येतो तो वीस वर्षं एकच पात्र घासत असलेला माणूस. तो तुम्हाला एकामागून एक सामने हरवतो, तुम्ही नेमकं कशाने हरलात हेही कळत नाही, आणि तुम्ही पुन्हा तिकडे फिरकत नाही. आमच्या जुन्या मंडळींना हे ऐकायला आवडत नाही, पण कित्येक जुन्या खेळांची दारं बाहेरून कुणी बंद केली नाहीत, ती आतल्यांनीच लोटून घेतली.

पण आलेख मोजतो काय? एका दुकानाच्या एका दारातून आत गेलेली डोकी. 'सुपर स्मॅश ब्रदर्स मेली' हा २००१ सालचा, निन्टेन्डोच्या गेमक्यूब यंत्रावरचा खेळ आहे, तो स्टीमवर कधी आलाच नाही. 'स्ट्रीट फायटर ३'ची 'थर्ड स्ट्राइक' ही आवृत्ती खेळणारे बहुतेक जण जुने खेळ ऑनलाइन खेळायच्या फाइटकेडवर असतात, त्यांची नोंद या आलेखात होत नाही. म्हणजे जे मोजलंच गेलं नाही त्याला शून्य धरायचं आणि मग शून्य आहे म्हणून मेलं म्हणायचं. उलट, गर्दीचा मोठा आकडा तरी काय सांगतो? 'स्ट्रीट फायटर ५' २०१६ च्या फेब्रुवारीत इतका अर्धाकच्चा बाजारात आला की एकट्याने खेळायचा साधा आर्केड मोड त्यात यायला २०१८ चा जानेवारी उजाडला. तरीही त्याच २०१६ साली एव्होत त्याला ५,००० हून अधिक खेळाडू होते. ते खेळाच्या प्रेमात होते असं नाही. स्पर्धा तिथे होत्या, बक्षिसं तिथे होती, ओळखीचे सगळे तिथे गेले होते. आणि ही स्पर्धा मुळात सुरू झाली ती १९९६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलच्या एका आर्केडमध्ये, म्हणजे नाणी टाकून खेळायच्या यंत्रांच्या दुकानात, जेमतेम चाळीस खेळाडूंवर. त्या दिवशी कुणी आलेख काढला असता तर त्याने काय निष्कर्ष लिहिला असता?

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण मी मनाने त्या बाजूचा असलो तरी तिचा युक्तिवाद मला जास्त पोकळ वाटतो. जुने खेळ टिकले कारण ते खोल होते, असं ही मंडळी सांगतात. मग 'राइज ऑफ द रोबोट्स'ही १९९४ चाच की. 'वर्ल्ड हीरोज'ही त्याच काळातला. 'स्ट्रीट फायटर २'च्या यशानंतर नव्वदच्या दशकात फायटिंग गेमचं पीक आलं होतं आणि त्यातलं बहुतेक आज कुणाच्या गावीही नाही. जे उरलं तेवढंच आपण पाहतो आणि म्हणतो, बघा, जुने खेळ टिकतात. हा हिशेब नाही, ही मोजायला उरलेल्यांचीच मोजणी आहे. खेळात काही दम असावा लागतो हे मान्यच. पण तेवढ्यावर भागत नाही, आणि गंमत म्हणजे टिकलेले खेळ नेहमीच्या अर्थाने फारसे 'चांगले बनवलेले' नाहीत. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २'मध्ये ५६ पात्रं आहेत आणि वरच्या पातळीवर मॅग्नेटो, स्टॉर्म, सेंटिनेल आणि केबल या चौघांचंच राज्य. 'होकुतो नो केन' या जपानी चित्रकथेवरचा २००५ चा आर्केड खेळ तर इतका विस्कटलेला आहे की एकदा मार बसला की प्रतिस्पर्ध्याला चेंडूसारखं जमिनीवर आपटत फेरी संपवता येते. तरीही टोकियोतल्या ताकादानोबाबा भागातल्या मिकाडो आर्केडमध्ये त्याच्या स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आल्या आहेत. समतोल नसलेला खेळ लोक खेळतात, कारण त्या असमतोलाच्या पोटात शिरायला त्यांना हवा तेवढा वेळ मिळतो.

खोली खेळात आधीपासून भरलेली असते असं आपण धरून चालतो. ज्या कॉम्बोवर, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या मारांवर, ही सगळी खेळजात उभी आहे, तो मुळात अपघात होता. 'स्ट्रीट फायटर २' बनत असताना, बोनस फेरीत गाडी फोडताना एक ठोसा पूर्ण होण्याआधीच दुसरी चाल सुरू करता येते हे तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या नोरिताका फुनामिझू यांच्या लक्षात आलं आणि ते काढून न टाकता तसंच ठेवलं गेलं. पुढचं सगळं खेळाडूंनी शोधलं. शोधायला वर्षं लागतात, आणि ती वर्षं मिळायला खेळ जागचा हलता कामा नये. 'थर्ड स्ट्राइक' १९९९ चा. २०२४ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी, तो लास वेगासच्या एव्होत मुख्य खेळांच्या यादीत होता आणि जिंकला कोण, तर ह्यूगोसारखं अवजड, मंद, कुणीही वरच्या फळीत न धरणारं पात्र घेऊन उतरलेला हायाओ. दर चार महिन्यांनी ह्यूगोचे आकडे वरखाली होत असते, तर एका माणसाने त्यावर आयुष्यातली इतकी वर्षं घातली असती का?

ज्या सामन्याचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर कुणी बोलतच नाही, तोही नीट पाहावा. २००४ ची एव्हो, कॅलिफोर्नियातल्या पोमोनातलं विद्यापीठाचं आवार, खेळ 'थर्ड स्ट्राइक'. जस्टिन वाँगची चुन-ली, डायगो उमेहाराचा केन. केनकडे इतका थोडा जीव उरलाय की हल्ला नुसता अडवला तरी त्याच्या ओरखड्याने तो मरेल. जस्टिन चुन-लीची लाथांची ती लांबलचक सुपर चाल सोडतो. सुटकेचा एकच मार्ग, पॅरी: मागे दाबून अडवण्याऐवजी, मार बसण्याच्या नेमक्या क्षणी स्टिक पुढे ढकलायची. एक लाथ, एकदा पुढे. चुकलं तर संपलं. शिवाय पहिली पॅरी चाल डोळ्यांना दिसायच्या आधीच, अंदाजाने करावी लागते. डायगो पंधराच्या पंधरा लाथा अशा परतवतो, शेवटची हवेत, आणि उलट कॉम्बोने सामना घेतो. (ती स्पर्धा मात्र त्याने जिंकली नाही, अंतिम फेरीत तो हरला. हे सांगितलं की लोक हिरमुसतात.) लक्षात घेण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. तेव्हा हा खेळ पाच वर्षं जुना होता, 'स्ट्रीट फायटर २'च्या लोकप्रियतेच्या जवळपासही कधी गेला नव्हता, आर्केड ओस पडत चालले होते आणि पुढचा 'स्ट्रीट फायटर' यायला अजून चार वर्षं होती. या खेळजातीचा सर्वांत गाजलेला क्षण, ती संपली असं सगळे म्हणत होते त्या काळातला आहे. कंपनीने काहीही केलं नव्हतं. फक्त खेळ लोकांकडे होता.

'पण समतोल साधणारी नवी आवृत्ती आली तर वाईट काय?' असं विचारतील. वाईट काहीच नाही, फक्त निवड खेळणाऱ्यांची हवी. 'स्ट्रीट फायटर २'च्या १९९४ च्या 'सुपर टर्बो' या आवृत्तीचं सुधारून, चित्रं नव्याने काढून, पात्रांची ताकद समान करून 'एचडी रीमिक्स' २००८ मध्ये आलं. लोकांनी ते मनापासून खेळून पाहिलं, २००९ आणि २०१० च्या एव्होत ते होतं. आणि मग ती मंडळी हळूहळू मूळ 'सुपर टर्बो'कडे परतली. त्यांना परतता आलं, कारण मूळ खेळ जागेवर होता. आज एखाद्या खेळाला पॅच (कंपनीने इंटरनेटवरून पाठवलेला बदल) आला की आधीची आवृत्ती कुठे असते? कुठेच नसते.

इथे लोक म्हणतात की पॅचशिवाय जुन्या खेळातल्या चुका तशाच राहतात. राहतात का? 'सुपर टर्बो'त अकुमा हे लपवलेलं पात्र इतकं बलाढ्य आहे की स्पर्धांनी ते सरळ बाद केलं. जपानमध्ये त्याच खेळातला जुना सगाट कुठल्याही कागदावर बंदी नसताना खेळाडूंनी आपसांतल्या समजुतीने बाजूला ठेवला. अमेरिकेत तो चालतो, आणि त्यावरून दोन देशांतले खेळाडू अजून एकमेकांना टोमणे मारतात. 'मेली'त आयटम (मध्येच पडणाऱ्या वस्तू) बंद, बहुतेक मैदानं बाद, चार जीव, आठ मिनिटं, हे सगळं निन्टेन्डोने नाही ठरवलं. आइस क्लायंबर्स या जोडपात्राच्या एका पकडीतून सुटकाच नाही असं दिसल्यावर वर्षानुवर्षं कडाक्याचे वाद झाले आणि शेवटी बहुतेक मोठ्या स्पर्धांनी तिच्यावर बंदी घातली. हा पॅच नाही तर काय आहे? फरक इतकाच, की तो वादविवादातून येतो, प्रत्येक आयोजकाला तो नाकारता येतो आणि चुकला तर मागे घेता येतो.

ही रीत फायटिंग गेमवाल्यांनी शोधलेली नाही. गो या हजारो वर्षांच्या खेळात आधी खेळणाऱ्या काळ्याला फायदा मिळतो हे सगळ्यांना माहीत होतं. विसाव्या शतकात जपानमध्ये स्पर्धांतून पांढऱ्याला भरपाईचे गुण द्यायला सुरुवात झाली. आधी साडेचार, मग साडेपाच, मग साडेसहा. पट तोच, सोंगट्या त्याच, बदलला तो खेळणाऱ्यांमधला करार. क्रिकेटमध्ये १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेनंतर लेग बाजूला स्क्वेअरच्या मागे दोनपेक्षा जास्त क्षेत्ररक्षक ठेवायला १९५७ मध्ये मनाई झाली, तीही अशीच, कैक वर्षांच्या अनुभवातून. कुणी सकाळी उठून जगातल्या सगळ्या बॅटी एकदम बदलून टाकल्या नाहीत. व्हिडिओ गेममध्ये तसं करता येतं, एवढ्यावरून ते दर हंगामाला करणं शहाणपणाचं ठरत नाही.

किल्ली हातात असण्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा मात्र नियमांत नाही, तो नेटकोडमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून दोघांचा खेळ जुळवणाऱ्या कोडमध्ये आहे. आर्केड बंद पडत गेले तसा समोरासमोर बसणारा प्रतिस्पर्धी नाहीसा झाला आणि इंटरनेटवरचा खेळ इतका रटाळ होता की चिखलात पाय रुतल्यासारखं वाटावं. कारण साधं आहे. हे खेळ सेकंदाला ६० फ्रेम चालतात, म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. जुनी पद्धत अशी की प्रतिस्पर्ध्याचं बटण तुमच्या यंत्रापर्यंत पोचेपर्यंत तुमचं बटणही रोखून धरायचं. वाट बघण्यात पाच-सहा फ्रेम गेल्या की हातात बसलेला कॉम्बो सुटतो, जी चाल पाहून अडवता यायची ती अडवता येत नाही. २००६ मध्ये 'स्ट्रीट फायटर २ हायपर फायटिंग'ची एक्सबॉक्सवरची आवृत्ती आली आणि ती ऑनलाइन इतकी वाईट चालत होती की एव्होच्या संस्थापकांपैकी एक, टोनी कॅनन, यांनी स्वतःच उपाय लिहायला घेतला. त्याचं नाव जीजीपीओ. ते वाट बघत नाही. समोरच्याने मघाशी जे दाबलं होतं तेच तो आत्ताही दाबतोय असं धरून खेळ पुढे नेतं आणि अंदाज चुकला असं कळलं की खेळ काही फ्रेम मागे नेऊन, खरं बटण घालून, डोळ्याचं पातं लवायच्या आत पुन्हा चालू क्षणापर्यंत आणतं. माणूस बहुतेक वेळ एकच दिशा धरून असतो, त्यामुळे अंदाज बहुतेकदा बरोबर येतो आणि आपलं बटण आपल्याला लगेच लागल्यासारखं वाटतं. यालाच आता सगळे रोलबॅक म्हणतात.

या तंत्राकडे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी, विशेषतः जपानमधल्या, कित्येक वर्षं काणाडोळा केला. ते तगून राहिलं ते इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) जुने खेळ खेळणाऱ्यांमुळे आणि 'स्कलगर्ल्स'सारख्या छोट्या चमूंमुळे. २०१९ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. मग २०२० उजाडलं, महामारीत सगळ्या स्पर्धा घरात गेल्या आणि एव्होने ऑनलाइन स्पर्धा जाहीर करताना 'स्कलगर्ल्स', 'किलर इन्स्टिंक्ट', 'देम्स फाइटिन हर्ड्स' हे खेळ यादीत घेतले, कारण त्यांचा नेटकोड चांगला होता. (ती स्पर्धा पुढे वेगळ्याच, गंभीर कारणाने रद्द झाली.) त्याच वर्षी 'मेली'साठी लिहिलेल्या स्लिपी या प्रोग्राममध्ये एका चाहत्या प्रोग्रामरने रोलबॅक आणलं आणि २००१ चा, इंटरनेटची सोय मुळातच नसलेला खेळ त्याच कंपनीच्या ताज्या खेळापेक्षा ऑनलाइन सरस चालू लागला. वर्षाच्या अखेरीस 'गिल्टी गिअर एक्सएक्स अ‍ॅक्सेंट कोर प्लस आर'ला रोलबॅक मिळालं आणि प्रतिस्पर्धी शोधायच्या, ओस पडलेल्या ऑनलाइन लॉबी पुन्हा भरल्या. पुढच्या वर्षी आलेल्या 'गिल्टी गिअर स्ट्राइव्ह'मध्ये ते पहिल्या दिवसापासून होतं. म्हणजे नव्या खेळांना ज्यामुळे एवढी ऑनलाइन गर्दी मिळते ते तंत्र जुन्या खेळांच्या वेड्यांनी, जुन्या खेळांसाठी, कंपनीच्या मदतीशिवाय घडवलं. जुनं विरुद्ध नवं असा सामना लावणाऱ्यांना हे कुठल्या रकान्यात घालायचं ते विचारा.

आता माझ्या बाजूवरचा सर्वांत जड आक्षेप. कंपनीचा हात नसता तर हे सगळं डबक्यात साचलं असतं, असं म्हणता येईल, आणि त्यात तथ्य आहे. २००८-०९ मध्ये 'स्ट्रीट फायटर ४' आला नसता तर या जगात नवी पिढी आली नसती. जुन्या खेळांचे आजचे कित्येक खेळाडू त्याच दारातून आत येऊन मागे चालत गेले. पैसाही खरा आहे. कॅपकॉम कपच्या २०२४ मधल्या दहाव्या पर्वात तैवानच्या यूमाने दहा लाख डॉलर जिंकले. 'सुपर टर्बो'वर कुणी घर चालवू शकणार नाही. शिवाय असे गोतावळे आहेत की जे एका खेळाला चिकटून न राहता मालिकेसोबत सरकतात. 'मॉर्टल कॉम्बॅट'वाले २०११ पासून 'इन्जस्टिस', 'मॉर्टल कॉम्बॅट एक्स', 'इन्जस्टिस २', '११' असे दर दोन वर्षांनी सामान उचलून पुढच्या खेळात जात आले आहेत. 'टेकन'चंही तसंच. तिथे खेळ मरतो, माणसं टिकतात.

हा फरक महत्त्वाचा आहे आणि वादात तो नेहमी गाळला जातो. खेळाचं आयुष्य वेगळं आणि गोतावळ्याचं वेगळं. पाकिस्तानातल्या खेळाडूंचं उदाहरण यासाठी बघण्यासारखं आहे. अर्सलान ऐशने २०१९ मध्ये आधी जपानची एव्हो आणि मग लास वेगासची एव्हो जिंकली तेव्हा 'टेकन ७'चं जग हादरलं, कारण लाहोरमध्ये एवढे तयार खेळाडू आहेत याची कुणाला गंधवार्ता नव्हती. ते आकाशातून पडले नव्हते. तिथल्या आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स'वर वाढलेली, रोज एकमेकांसमोर बसून खेळणारी मंडळी होती ती. अर्सलान स्वतः त्याच खेळातून आलेला. खेळ बदलला, बसण्याची सवय आणि हरवायला मिळणारी माणसं तीच राहिली. त्यांच्या त्या जोरामागे ना कंपनीची स्पर्धामालिका होती ना ऑनलाइनची गर्दी.

म्हणून कंपनीच्या मदतीचं मोल मान्य करूनही मी तिच्यावर गोतावळ्याचा जीव टांगायला तयार नाही. सरकत राहणारी मंडळी पुढचा खेळ येईपर्यंतच सुरक्षित असतात. तो आलाच नाही तर? 'व्हर्चुआ फायटर ५' २००६ चा, त्याची 'फायनल शोडाऊन' २०१२ मध्ये घरच्या कन्सोलवर आली आणि नंतर २०२१ पर्यंत नवं काही नाही. त्या नऊ वर्षांत ही मंडळी उरली ती त्यांच्याकडे खेळ आणि यंत्रं होती म्हणून. किंवा पुढचा खेळ आला आणि नकोसा निघाला तर? 'मेली'नंतर आलेल्या २००८ च्या 'ब्रॉल'मध्ये पात्रं धावता धावता अधूनमधून आपोआप अडखळून पडतात, मुद्दाम तसं घातलेलं. स्पर्धा खेळणाऱ्याला याहून मोठा अपमान सुचवून दाखवा. 'मेली'वाले मुकाट मागे फिरले. 'मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम इन्फिनिट' २०१७ मध्ये आला आणि २०१८ च्या एव्होच्या यादीत त्याचं नावही नव्हतं. मार्व्हलवाल्यांनी जुने दोन खेळ धरून ठेवले. आणि जेव्हा मागे फिरायला जागाच नसते, तेव्हा काय होतं? २०२५ च्या एप्रिलमध्ये 'टेकन ८'चा दुसरा हंगाम आला, बदलांवर खेळाडूंनी कल्लोळ केला, कंपनीने घाईने दुरुस्त्या केल्या. पण मार्चमधला 'टेकन ८' ज्याला आवडत होता त्याच्याकडे तो नाही. विकत घेतलेला खेळ रात्रीतून दुसरा झाला. 'स्ट्राइव्ह'चा पहिला हंगाम आज कुणाला स्पर्धेत खेळायचा असेल तर तो कुठून आणणार? 'स्ट्रीट फायटर २'च्या पाचही आवृत्त्या मात्र वेगवेगळ्या उभ्या आहेत. ज्याला १९९२ ची हवी तो १९९२ ची खेळतो.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बुद्धिबळातला वजीर एक घर तिरका सरकायचा तो एकदम पटभर धावायला लागला. काही दशकांत जुनी पद्धत मागे पडली, आणि योग्यच झालं, नवा खेळ जास्त वेगवान होता. इथे कुणी म्हणेल की बघा, जुना खेळ मोकळा असूनही मेला की. अगदी बरोबर. मोकळेपणा म्हणजे अमरपट्टा नव्हे. पण जुना खेळ लोकांनी सोडला, त्यांच्या घरातून कुणी पट उचलून नेला नाही. ज्याला हवा होता तो खेळत राहिला, आणि कुणाला आज खेळावासा वाटला तर आजही खेळेल. खेळ लोकांनी सोडणं आणि लोकांकडून खेळ काढून घेणं यांना एकाच शब्दात 'मरण' म्हणणं ही या वादातली मूळ लबाडी आहे.

मालकीचा प्रश्न राहतो आणि तो मी टाळणार नाही. फाइटकेडवर खेळणाऱ्या पुष्कळ जणांकडे त्या खेळाची विकत घेतलेली प्रत नसते. कायद्याने ते चूक आहे. निन्टेन्डोने २०१३ मध्ये 'मेली'चं एव्होतलं प्रक्षेपण रोखायचा प्रयत्न केला, २०२० मध्ये स्लिपी वापरणारी 'द बिग हाउस'ची ऑनलाइन स्पर्धा थांबवली. कायदा बहुतांशी त्यांच्या बाजूने आहे. पण २०१३ चा प्रसंग आठवा. चाहत्यांनी स्तनांच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ९४ हजार डॉलरहून अधिक देणगी जमवून, इतर खेळांना मागे टाकून 'मेली'ला एव्होत जागा मिळवून दिली होती. विरोध इतका झाला की कंपनीला काही तासांत माघार घ्यावी लागली. ज्या खेळातून कंपनी बारा वर्षांनी एक पैसाही कमवत नव्हती, त्याची जाहिरात लोक पदरमोड करून करत होते. कॅपकॉमला हे उशिरा का होईना उमगलं. 'मार्व्हल २' परवान्यांच्या गुंत्यात वर्षानुवर्षं दुकानातून गायब होता, २०२४ मध्ये तो रोलबॅकसह पुन्हा विकायला आला. तो विकत घ्यायला कुणी उरलं होतं ते कुणामुळे?

हे सगळं म्हणताना जुन्या मंडळींना मी पदक देत नाही. किल्ली हातात असून दार न उघडणारे गोतावळेही मी पाहिले आहेत. नवा माणूस आला की त्याला हरवून हसायचं, त्याचं पात्र सोपं म्हणून हिणवायचं आणि वर पुन्हा कुणी येत नाही अशी तक्रार करायची. 'स्ट्रीट फायटर ६'मधल्या एका बटणात चाल सोडणाऱ्या मॉडर्न कंट्रोलला नाकं मुरडणाऱ्यांनी निदान एवढं तरी बघावं, की त्या खेळाने नवशिक्याला जितक्या धीराने शिकवलं तितकं कुठल्याही जुन्या खेळाने आणि जुन्या खेळाडूने शिकवलेलं नाही.

मग मागायचं काय? माझ्या मते तीन साध्या गोष्टी, आणि त्या खेळ विकत घेण्याआधी मागायच्या. सर्व्हर बंद झाला तरी दोन यंत्रं थेट जोडून खेळता यावं. जुन्या हंगामांच्या आवृत्त्या यादीतून निवडता याव्यात. आणि स्पर्धांसाठी सगळी पात्रं उघडी असलेली ऑफलाइन प्रत आयोजकांना मिळावी. ही शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल, पण कुठल्याही आयोजकाला विचारा. सभागृहात कन्सोल मांडायचे, प्रत्येकावर वेगळं खातं, प्रत्येकावर विकत घेतलेली जास्तीची पात्रं आहेत का ते तपासायचं, सकाळी नेट गेलं की एका यंत्रावर पात्र कुलूपबंद आणि खेळाडू खोळंबलेला. एकेकाळी हेच लोक जड काचेचे टीव्ही गाडीत घालून आणायचे, कारण सपाट पडद्यावर 'मेली'ला लॅग, म्हणजे बटण लागायला उशीर, येतो. त्यांना कष्टांचं वावडं नाही, फक्त ते कष्ट परवानगीच्या रांगेत उभं राहण्यात जाऊ नयेत.

यातलं अशक्य काहीच नाही. 'मल्टिव्हर्सस' २०२२ मध्ये आला, मध्ये बंद झाला, २०२४ मध्ये पुन्हा उघडला आणि २०२५ च्या मे अखेरीस त्याचे सर्व्हर कायमचे बंद झाले. जाताना कंपनीने आधीच खेळ उतरवून ठेवलेल्यांसाठी ऑफलाइन मोड चालू ठेवला. ही सोय मरणाच्या दारात देता येते, तर पहिल्या दिवशी का देता येत नाही? मोठ्या स्पर्धांच्या आयोजकांच्या हातात इथे जोर आहे. कुठला खेळ मुख्य यादीत घ्यायचा हे ते ठरवतात, आणि नव्या खेळाच्या कंपनीला त्या यादीतली जागा हवीच असते. यादी ठरवताना नेटकोड बघायला २०२० मध्ये सुरुवात झालीच आहे, त्यात ऑफलाइन प्रतीची अट एका ओळीत बसेल.